नेटवरची संदर्भचित्रं: साठवायची कशी, लावायची कशी, वेळेवर सापडायची कशी?

पाटीपेन्सिल

मुलांच्या एका सचित्र पुस्तकासाठी संदर्भ जमवते आहे. काळ साधारण १८८० ते १९१०, स्थळ पुणे आणि गिरगाव. पेहराव, दागिने, वाडे, चाळी, भांडी, टांगे, दुकानांच्या पाट्या असं सगळंच लागणार आहे. चित्रं चार ठिकाणी विखुरली आहेत: पिंटरेस्टचे बोर्ड, इन्स्टाग्रामचं सेव्ह, फोनमधले स्क्रीनशॉट आणि लॅपटॉपचं डाउनलोड फोल्डर. हवं ते चित्र हवं तेव्हा सापडत नाही. सापडलं तरी ते कुठलं, कोणाचं, कधीचं याचा पत्ता नसतो.

फोल्डर पाडावेत की टॅग लावावेत? कोणतं सॉफ्टवेअर? आणि आधीचा साठा उपसायचा कसा? खर्च शक्यतो नको.

गेरू

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: संग्रह आणि फळा. संग्रह कायमचा. तिथं प्रत्येक चित्र एकदाच, नोंदीसकट. फळा एका पानापुरता किंवा एका दृश्यापुरता. काम संपलं की मोडायचा. पिंटरेस्ट या दोन्हींची सरमिसळ करतं, म्हणून तिथं हजार चित्रं झाली की काहीच हाताला लागत नाही.

संग्रहात चित्र घेताना पाच नोंदी करायच्या. मूळ पानाचा पत्ता (चित्राचा नव्हे, ज्या पानावर ते आहे त्याचा). कर्ता. काळ, आणि तो अंदाजे असेल तर "अंदाजे" हा शब्द. हक्क. आणि पाचवी, सगळ्यांत महत्त्वाची: ते का घेतलं. "ओट्यावर बसलेल्या बाईच्या गुडघ्यावर पडलेल्या निऱ्या", "कंदिलाचा उजेड खालून" एवढं एक वाक्य पुरतं. पहिल्या चार नोंदी नंतर शोधून भरता येतात. पाचवी येत नाही, कारण चित्रातलं नेमकं काय डोळ्यात भरलं होतं ते महिन्याभरात विसरतं. हे वाक्य लिहिता येत नसेल तर चित्र घेऊच नये. या एका अटीनं साठा आपोआप आटोक्यात राहतो.

फोल्डर की टॅग? दोन्ही, पण फोल्डर अगदी थोडे. वाड्याच्या चौकात नऊवारी नेसलेली बाई पाणी भरते आहे, हे चित्र पेहरावात टाकाल, वास्तूत की भांड्यांत? फोल्डरला एकच जागा माहीत असते. म्हणून फोल्डर हक्कानुसार तीनच ठेवा: "मुक्त", "परवानगी लागेल", "फक्त अभ्यासाला". चौथा "आवक" नावाचा. नवीन येईल ते सगळं आधी तिथं. बाकीची वर्गवारी टॅगवर सोडा.

टॅग सुचतील तसे लावू नका, आधी यादी करा. तुमच्या कामाला हे गट पुरतील: वस्तू (नऊवारी, उपरणं, पगडी, बंब, समई, टांगा), जागा (चौक, ओटा, माजघर, गॅलरी, बाजार), काळ (दशकानुसार), माध्यम (छायाचित्र, तैलचित्र, शिळाछाप, खोदचित्र), उजेड आणि कोन (वरून, खालून, मागून, बाजूनं). सगळे मिळून साठ-सत्तरच्या पुढं जाऊ देऊ नका. एकवचन की अनेकवचन हे एकदाच ठरवा. "दागिना" आणि "दागिने" असे दोन टॅग झाले की शोधताना अर्धी चित्रं गळतात.

उभाआडवा

गेरू यांच्याशी सहमत. सॉफ्टवेअरबद्दल लिहितो.

संग्रहासाठी डिजिकॅम. फुकट, मुक्तस्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. याचा मोठा गुण म्हणजे टॅग आणि वर्णन चित्राच्या फाइलमध्येच लिहिता येतं. बसवल्यावर लगेच सेटिंगमधल्या मेटाडेटा (फाइलमध्येच साठवलेल्या नोंदी) विभागात जा आणि टॅग, शीर्षक, वर्णन फाइलमध्ये लिहिण्याचे पर्याय चालू आहेत ना ते तपासा. ते बंद असतील तर सगळी मेहनत फक्त त्याच्या डेटाबेसमध्ये राहते. फाइल दुसरीकडे नेली की नोंदी मागेच राहतात.

संग्रहासाठी दुसरा पर्याय म्हणजे ईगल, पण ते विकत घ्यावं लागतं. ब्राउझरमधून चित्र ओढून घेणं, रंगावरून शोधणं, पानाचा पत्ता आपोआप नोंदवणं या बाबतीत ते डिजिकॅमपेक्षा बरंच सुटसुटीत आहे. पण ते प्रत्येक चित्रासाठी वेगळा फोल्डर करतं आणि टॅग शेजारच्या जेसन (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये ठेवतं, चित्रात नाही. उद्या ईगल सोडायचं ठरलं तर टॅग बाहेर काढणं हे वेगळं काम होऊन बसतं. दहा-पंधरा वर्षं टिकणारा संग्रह हवा असेल तर नोंदी फाइलच्या पोटात असाव्यात असं माझं ठाम मत आहे.

फळ्यासाठी प्युअररेफ. चित्रं ओढून टाकायची, मांडायची, आणि ती खिडकी चित्रकलेच्या सॉफ्टवेअरच्या वर तरंगती ठेवायची. मूळ व्यवस्थेत चित्रांच्या प्रती फळ्याच्या फाइलमध्येच बसतात. त्यामुळे संग्रहालयाच्या दहा-दहा हजार पिक्सेलच्या प्रती थेट टाकल्या की फाइल शेकडो एमबीची होते आणि मशीन अडखळतं. लांब बाजू २००० पिक्सेल केलेल्या प्रती टाका. एका फळ्यावर २० ते २५ चित्रं. त्याहून जास्त असतील तर दृश्य अजून ठरलेलं नाही असं समजा.

एक धोका: डिजिकॅमचा डेटाबेस नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नका. मूळ एसक्यूलाइट डेटाबेस तिथं बिघडू शकतो. ईगलची लायब्ररी क्लाउडच्या फोल्डरमध्ये असेल तर एका वेळी एकाच मशीनवर उघडा, नाहीतर एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या तयार होतात.

पाटीपेन्सिल

दोघांचेही आभार. जुन्या साठ्याचं काय? पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राममधून सगळं एकदम उतरवता येतं का?

उभाआडवा

इन्स्टाग्रामकडून तुमची माहिती मागवता येते, पण सेव्ह केलेल्या पोस्टच्या जागी चित्रं नाही, फक्त दुव्यांची यादी हाती येते. मागवताना जेसनऐवजी एचटीएमएल निवडा. त्यांच्या जेसनमध्ये देवनागरी मजकुराचं एन्कोडिंग बिघडलेलं असतं, उघडलं की अगम्य चिन्हं दिसतात.

गॅलरी-डीएल नावाचं मुक्तस्रोत साधन बऱ्याच संकेतस्थळांवरून चित्रं उतरवतं आणि सोबत मेटाडेटाची फाइलही लिहितं. पण लॉगिन लागणाऱ्या ठिकाणी ते वापरलं तर खातं अडकू शकतं. मुळात सगळं उतरवायचा आग्रहच सोडा. चालू पुस्तकाला लागतील तेवढीच चित्रं जुन्या बोर्डांमधून उचला. बाकीचे बोर्ड आहेत तिथं राहू द्या.

दस्तऐवज

पिंटरेस्टवरून चित्र उचलण्याबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. तिथं दिसणारी प्रत बरेचदा ७३६ पिक्सेल रुंदीची असते. काठाची वीण, नथीतले मोती, पाटीवरची अक्षरं त्यात फुटतात. पिंटरेस्टला शोधयंत्र समजा, कोठार नव्हे. चित्र दिसलं की:

१. टिनआय किंवा गूगल लेन्सवर उलट शोध घ्या, म्हणजे चित्र देऊन त्याच्या इतर प्रती शोधा. टिनआयमध्ये "सर्वांत मोठं" आणि "सर्वांत जुनं" असे दोन क्रम लावता येतात. मोठी प्रत पहिल्यात मिळते, मूळ स्थान बहुधा दुसऱ्यात.
२. संग्रहालयाचं किंवा ग्रंथालयाचं पान सापडलं तर तिथली प्रत उतरवा आणि संपादन क्रमांक (संग्रहात दाखल होताना वस्तूला दिलेला क्रमांक) लिहून ठेवा. संकेतस्थळाची रचना बदलली की दुवे तुटतात, संपादन क्रमांक सहसा बदलत नाही.
३. ते पान वेबॅक मशीनच्या (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारं संकेतस्थळ) "सेव्ह पेज नाउ"मध्ये टाका.

तिसरी पायरी टाळू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या ऑनलाइन संग्रहाचा मोठा भाग कित्येक महिने बंद राहिला. हिंदुस्थानातल्या जुन्या छायाचित्रांसाठी ज्यांनी नुसते दुवे जपले होते त्यांच्या हाती तेवढा काळ काही उरलं नाही. त्याच ग्रंथालयानं २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांहून अधिक चित्रं फ्लिकरवर मुक्त केली होती. ती वेगळ्या ठिकाणी असल्यानं वाचली.

तुमच्या काळासाठी उपयोगी ठिकाणं: न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम (फेब्रुवारी २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा सीसी शून्यखाली, म्हणजे कोणताही हक्क न राखता), क्लीव्हलँड म्युझियम (२०१९ पासून), स्मिथसोनियन (२०२० पासून), न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी (२०१६ पासून मोठ्या प्रती). आपल्याकडे "म्युझियम्स ऑफ इंडिया" हे सरकारी पोर्टल आहे. त्यामागची "जतन" ही प्रणाली पुण्याच्या सीडॅकनं बनवली आहे. प्रतिमा नेहमी मोठ्या नसतात, पण वस्तूंच्या नोंदी बारकाईनं वाचण्यासारख्या आहेत. गूगल आर्ट्स अँड कल्चरवर चित्र फार जवळून पाहता येतं, मात्र उतरवण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. तिथल्या चित्राचा दुवा आणि पाहिलेल्या तपशिलाचं टिपण ठेवा.

इंटरनेट अर्काइव्हवरच्या स्कॅन पुस्तकांतून चित्र घ्यायचं असेल तर पीडीएफमधून घेऊ नका. आकार कमी करण्यासाठी तिथल्या पीडीएफमध्ये मजकूर आणि पार्श्वभूमी वेगळे थर करून दाबलेले असतात, त्यात छायाचित्रं आणि धुवटलेले जलरंग चिखलासारखे दिसतात. "सगळ्या फाइल दाखवा" उघडा आणि जेपी२ची (पानांच्या प्रतिमांची) झिप घ्या. ती मोठी असते, पण पानं मूळ दर्जाच्या जवळची असतात. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मुंबईच्या लोकजीवनावर चितारलेली इंग्रजी पुस्तकं तिथं आहेत. टोपीवाला, कोळीण, पारशी, भय्या हे सगळे चालण्या-बोलण्याच्या ढबीसकट भेटतात. १८८० ते १९१० साठी यापेक्षा चांगला शिक्षक मला तरी ठाऊक नाही.

काठपदर

पेहरावाबद्दल लिहिते, कारण नेटवर सर्वांत जास्त गोंधळ तिथंच आहे. "पारंपरिक मराठी स्त्री" म्हणून जे दिसतं त्यातला मोठा भाग हल्लीची फोटोशूट, मालिकांचे पेहराव आणि आता यंत्रानं (एआयनं) बनवलेली चित्रं. पिंटरेस्टनं २०२५ पासून अशा चित्रांवर खूण दाखवायला सुरुवात केली आहे, पण खूण नाही म्हणजे चित्र खरं, असं धरू नका. काष्टा मागं कुठं खोचला आहे याचा माग लागत नाही, निऱ्या कमरेशी पोचायच्या आधीच विरतात, काठ मध्येच रुंदी बदलतो, दागिना कातडीत शिरतो. यांतलं काहीही दिसलं तर ते चित्र संग्रहात नको, "फक्त अभ्यासाला"मध्येही नको. चुकीचा संदर्भ हाताला वळण लावतो.

दुसरी तपासणी: चित्र उलटं तर नाही? आपल्याकडे पदर सहसा डाव्या खांद्यावर आणि नथ डाव्या नाकपुडीत. दोन्ही एकदम उजवीकडे दिसले तर प्रतिमा आरशासारखी पलटलेली असण्याची दाट शक्यता. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून स्कॅन करताना असं होतं, आणि पोस्ट करणारेही चित्र मुद्दाम पलटवतात. पाटी किंवा घड्याळ दिसत असेल तर त्यावरून खात्री होते. पलटलेली प्रत सरळ करून ठेवा आणि वर्णनात तसं लिहा.

तिसरं, काळाची खूण. मथळ्यातल्या वर्षावर विसंबू नका, चित्रातूनच काळ काढा. मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम दिसली तर ते १९०७ नंतरचं. घोड्यांची ट्राम १८७४ पासून पुढची. बोरीबंदरचं स्टेशन पूर्ण बांधलेलं असेल तर १८८८ किंवा नंतरचं. पुण्याची मंडई दिसत असेल तर १८८६ किंवा नंतरचं. घरातल्या भिंतींचंही तसंच. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला. १८८५ च्या पुण्याच्या माजघरात त्याची लक्ष्मी टांगली तर चूक होईल. तिथं चित्रशाळेचा शिळाछाप शोभेल, कारण चित्रशाळा हा पुण्याचा छापखाना १८७८ चा. या तारखांची एक साधी मजकूर फाइल संग्रहाशेजारी ठेवा. टॅगमधल्या "काळ" गटाला ती आधार देते, आणि चित्र काढतानाही शंभरदा उघडावी लागते.

पाटीपेन्सिल

काठपदर, माजघरातल्या तसबिरीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. एका पानाची कच्ची मांडणी बदलावी लागेल.

टॅग मराठीत ठेवू की रोमन लिपीत? डिजिकॅममध्ये "पायऱ्या" शोधलं तर काही चित्रं येतात, काही येत नाहीत. टॅग तोच आहे.

अनुस्वार

डोळ्यांना तोच दिसतो, संगणकाला नाही. "ऱ्या" दोन तऱ्हांनी टंकला जातो. एक, नुक्त्याचा ऱ अधिक हलन्त अधिक या. दुसरी, साधा र, हलन्त, मग अदृश्य जोडचिन्ह आणि या. काही कळफलक पहिली पद्धत वापरतात, काही दुसरी. त्यात पहिल्या पद्धतीतला ऱ हा एक अक्षरसंकेत म्हणून साठतो किंवा र आणि नुक्ता असे दोन संकेत म्हणून. मॅकवरून आलेल्या फाइलींच्या नावांत हा दोन संकेतांचा प्रकार आढळतो. म्हणजे पायऱ्या, निऱ्या, दोऱ्या, सुऱ्या हे सगळे शब्द तीन रूपांत असू शकतात.

उपाय: टॅग दर वेळी टंकू नका. यादीतून निवडा. डिजिकॅममध्ये टॅगांचं झाड आधीच तयार करा आणि चित्र त्यावर ओढून टाका. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडून टंकलेले टॅग एकत्र झाले असतील तर झाडात एकसारखे दिसणारे दोन टॅग दिसतील, ते एकमेकांत मिळवून टाका.

दुसरी अडचण लांबीची. फाइलमध्ये टॅग लिहिण्याचे दोन साचे आहेत, जुना आयपीटीसी आणि नवा एक्सएमपी. जुन्यात एका टॅगला ६४ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे २१ चिन्हं झाली की टॅग कापला जातो. "माजघरातला कंदिलाचा उजेड" असा लांब टॅग तिथं तुटलेला दिसेल. एक्सएमपीला ही अडचण नाही. टॅग एका-दोन शब्दांचे ठेवा, वाक्य वर्णनात लिहा.

फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत ठेवा, असं सुचवेन. लिनक्स आणि अँड्रॉइडवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं, आणि जुन्या झिप साधनांत देवनागरी नावांचा चुथडा होतो. नावाचा साचा: कर्ता, वर्ष, विषय, संस्था, संपादन क्रमांक, मध्ये अधोरेषा. वर्ष अंदाजे असेल तर आधी "सी" हे अक्षर. शेकडो फाइलींची नावं एकदम बदलायची असतील तर एक्सएनव्ह्यू एमपी सोयीचं आहे, खासगी वापराला फुकट.

उभाआडवा

यात भर. ज्यांना आज्ञा टंकायची सवय आहे त्यांनी एक्झिफटूल वापरलं तर शेकडो चित्रांना एकदम स्रोत आणि कर्ता लिहिता येतो. ते बदल करण्यापूर्वी प्रत्येक फाइलची मूळ प्रत "ओरिजिनल" शेपटी लावून शेजारी ठेवतं, आणि डिस्क दुप्पट भरते. निकाल तपासल्यावर त्या प्रती काढा, आधी नको.

आणि व्हॉट्सअॅपवरून स्वतःला चित्र पाठवून लॅपटॉपवर घेऊ नका. ते चित्र दाबतं आणि आतला मेटाडेटा पुसतं. पाठवायचंच असेल तर "दस्तऐवज" म्हणून पाठवा.

मसुदा

गेरू यांनी फोल्डर हक्कानुसार ठेवायला सांगितलं ते पुस्तकाच्या कामात फार मोलाचं आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७) चित्रावरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढं ६० वर्षं. धुरंधर १९४४ मध्ये गेले, बाबूराव पेंटर १९५४ मध्ये. दोघांची चित्रं आता मुक्त. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवर २०३१ अखेरपर्यंत हक्क आहे. ती "फक्त अभ्यासाला"मध्ये.

कर्त्याचा हक्क संपला तरी संस्थेच्या अटी वेगळ्या असू शकतात. लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयाच्या प्रतिमा अभ्यासाला मोकळ्या असल्या तरी व्यावसायिक छपाईसाठी परवानगी लागते. विकिमीडिया कॉमन्सवर परवाना प्रत्येक फाइलचा वेगळा असतो, तो फाइलच्या पानावर वाचून पहिल्याच दिवशी नोंदवा.

संदर्भ म्हणून पाहणं आणि वरून गिरवणं यांत फरक करा. आजच्या छायाचित्रकाराचा फोटो गिरवून पुस्तकात छापला तर ते त्याच्या कामाचं रूपांतर ठरू शकतं. एकाच फोटोवर अख्खी आकृती उभी करू नका. ढब एकाची, पेहराव दुसऱ्याचा, उजेड तिसऱ्याचा असे तीन संदर्भ फळ्यावर ठेवा. वारली किंवा पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतलं काही घेणार असाल तर कलाकाराचं नाव आणि गाव नोंदीत हवंच, आणि पुस्तकाच्या श्रेयनामावलीतही.

पाटीपेन्सिल

"आवक" फोल्डर भरत गेला तर? आणि बॅकअप किती ठिकाणी?

गेरू

आवक आठवड्यातून एकदा रिकामी करायची, अर्धा तास, वार ठरवून. प्रत्येक चित्राला तीनच वाटा: नोंद करून आत, मूळ शोधायला बाजूला, किंवा डिलीट. बाजूला ठेवलेल्याचं मूळ पुढच्या वेळेपर्यंत सापडलं नाही तर तेही डिलीट. स्क्रीनशॉट घ्यावाच लागला तर खात्याचं नाव आणि तारीख त्यात दिसेल असा घ्या, कापून घेऊ नका.

महिन्याकाठी डिजिकॅमचा सारखी चित्रं शोधण्याचा पर्याय चालवा. साम्याची मर्यादा ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. फार खाली आणली तर एकाच पायरीवर बसलेल्या दोन वेगळ्या बायकाही जुळ्या म्हणून येतात. दोन प्रतींतली मोठी ठेवावी हे बहुतेकदा खरं, पण रंग पाहा. तैलरंगी छाप काळानं पिवळे पडतात आणि एकाच छापाची दोन स्कॅनं दोन वेगळ्या रंगांची असतात. संस्थेची, रंगपट्टीसह काढलेली प्रत असेल तर आकारानं लहान असली तरी तीच ठेवा.

बॅकअप: लॅपटॉपवर एक, बाहेरच्या डिस्कवर एक, घराबाहेर किंवा क्लाउडवर एक. क्लाउडचं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नका. तीन हजार पिक्सेलची चित्रं साधारण दोन ते चार एमबीची धरली तर पाच हजार चित्रांना १० ते २० जीबी लागतात. तेव्हा जागेसाठी दर्जा कमी करू नका. डिजिकॅमची डेटाबेस फाइलही सोबत उचला, अन् टॅगांच्या यादीची एक मजकूर प्रत काढून ठेवा.

पाटीपेन्सिल

ठीक. सुरुवात माजघराच्या पानापासून करते: त्याच्यापुरती चित्रं जुन्या बोर्डांतून काढून, मूळ शोधून, टॅग लावून. काठपदर, चित्रशाळेच्या शिळाछापांच्या मोठ्या प्रती कुठं पाहता येतील?

काठपदर

कॉमन्सवर आणि मेट्रोपॉलिटनच्या संकेतस्थळावर रोमन लिपीत "चित्रशाळा" आणि "पूना" असे दोन्ही शब्द घालून शोधा, "पुणे" घालून नाही. जुन्या नोंदी जुन्या स्पेलिंगनंच आहेत. "मुंबई"ऐवजी "बॉम्बे"ही तसंच. छापाच्या खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं, प्रत निवडताना ती पट्टी कापलेली नाही ना, ते पाहा.